संगणकशास्त्र घ्यायचं, की त्याच्या शेजारचं काही?

एक वेबपान उघडायला तीन सेकंद लागतात. पानावर ५०० मागण्यांची (ऑर्डरींची) यादी दिसायला हवी, प्रत्येकीसमोर ग्राहकाचं नाव. कोड चालतो, नावं बरोबर येतात, फक्त वेळ फार लागतो. हे दुखणं पाच वेगवेगळ्या शाखांत शिकलेल्या पाच जणांपुढे ठेवलं, तर पाचही जण आधी वेगवेगळ्या ठिकाणी बघतील.

संगणकशास्त्र, सॉफ्टवेअर अभियांत्रिकी, संगणक अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान आणि डेटा सायन्स. माहितीपत्रकं वाचली तर पाचही सारखेच भासतात: सगळीकडे प्रोग्रॅमिंग, सगळीकडे डेटाबेस, सगळीकडे नेटवर्क. विषयांच्या यादीवरून निवड करायला गेलात तर गोंधळ वाढतो. काही बिघडल्यावर कुठला प्रश्न तुम्हाला झोपू देत नाही, त्यावरून निवड केली तर ती जास्त टिकते. म्हणून ही तुलना बिघाडांच्या अंगाने केली आहे.

संगणकशास्त्र: नोंदी दहापट झाल्या तर?

संगणकशास्त्र शिकलेला माणूस त्या संथ पानाकडे बघून आधी विचारेल, ‘आज ५०० नोंदी आहेत, उद्या ५,००० झाल्या तर वेळ दहापट होईल की शंभरपट?’ या शास्त्राचा गाभा याच प्रश्नात आहे.

एक साधं काम घ्या. एक लाख नावांच्या यादीत एकच नाव दोनदा आलंय का, ते शोधायचं आहे. सहज सुचणारी रीत म्हणजे प्रत्येक नाव बाकीच्या प्रत्येक नावाशी ताडून बघणं. या रीतीने जवळपास ५०० कोटी तुलना होतात. सेकंदाला दहा कोटी तुलना धरल्या तरी ५० सेकंद गेले. यादी आधी क्रमाने लावून घेतली तर अंदाजे १७ लाख तुलनांत काम होतं, कारण सारखी नावं शेजारीशेजारी येऊन बसतात. तिसरी रीत हॅश टेबलची, म्हणजे एखादी नोंद कुठे ठेवलीय ते सगळी यादी न चाळता थेट सांगणाऱ्या तक्त्याची: नाव वाचायचं, टेबलमध्ये आधीच आहे का बघायचं, नसेल तर ठेवून पुढे जायचं. लाख नावांना लाखभर फेऱ्या, पण त्यासाठी जास्तीची मेमरी लागते. यंत्र तेच, भाषा तीच, उत्तरही तेच. वेळेत मात्र हजारो पटींचा फरक पडतो.

असे प्रश्न आवडणाऱ्याला या शाखेत करमतं. इथे यंत्रापेक्षा विचार आधी येतो. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९३६ साली सिद्ध केलं की दिलेला प्रोग्रॅम कधी थांबेल की अनंतकाळ फिरत राहील, हे दर वेळी अचूक सांगणारी एकच रीत असूच शकत नाही. तेव्हा सर्वसाधारण वापराचे इलेक्ट्रॉनिक संगणक अस्तित्वातही नव्हते.

गणिताबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘गणित येत नसलं तरी चालतं’ हा सल्ला प्रोग्रॅमिंगच्या अनेक कामांना लागू पडतो, या पदवीला नाही. फक्त जे गणित लागतं ते बऱ्याच जणांना वाटतं तसलं नसतं. तर्कशास्त्र, संच, मोजणीचे नियम, आलेख सिद्धांत, संभाव्यता आणि गणिती विगमन (इंडक्शन) यांवर सगळा भार असतो. शाळेत कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) अडखळलेले कितीतरी विद्यार्थी इथे छान रमतात. उलट, सूत्रात आकडे भरून गुण मिळवणाऱ्यांची पहिल्या ‘सिद्ध करा’पाशी दमछाक होते.

सॉफ्टवेअर अभियांत्रिकी: सहा महिन्यांनी हे कोण दुरुस्त करणार?

खरा निर्णय बहुतेकांना या दोन शाखांमध्येच घ्यायचा असतो, आणि या दोघींमधली रेघ एका जुन्या बगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीत, स्वच्छ दिसते.

क्रमाने लावलेल्या यादीत काही शोधायचं तर मधोमध बघायचं, हवी ती गोष्ट कुठल्या अर्ध्यात आहे ते ठरवायचं आणि दुसरा अर्धा सोडून द्यायचा. यालाच बायनरी सर्च म्हणतात. दहा लाख नोंदींत २० तुलना पुरतात. मधला क्रमांक काढण्यासाठी पहिला आणि शेवटचा क्रमांक मिळवून दोनाने भागायचं. कागदावर यात काहीच चूक नाही. पण संगणक पूर्ण संख्या बऱ्याचदा ३२ बिटांच्या ठरावीक जागेत साठवतो, आणि तिच्यात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. यादीत १०७ कोटींहून अधिक नोंदी असल्या की ती बेरीज या मर्यादेपलीकडे जाऊ शकते, उत्तर उणे येतं आणि प्रोग्रॅम कोसळतो. जावा भाषेच्या अधिकृत लायब्ररीत हा दोष वर्षानुवर्षं होता. तो २००६ साली उघड झाला. उपाय एका ओळीचा: दोन क्रमांकांमधलं अंतर काढा, ते निम्मं करा आणि पहिल्या क्रमांकात मिळवा.

रीत बरोबर आहे हे सिद्ध करणं संगणकशास्त्राचं काम. ती खऱ्या यंत्रावर, खऱ्या मर्यादांमध्ये, दहा जणांनी दहा वेळा बदलल्यावरही बरोबर राहील याची तजवीज सॉफ्टवेअर अभियांत्रिकीने करायची. हे नाव रूढ झालं ते १९६८ साली जर्मनीत गार्मिश इथे भरलेल्या परिषदेमुळे. मोठे प्रकल्प रखडत होते, खर्च हाताबाहेर जात होता आणि हुशार लोक असूनही ते टळत नव्हतं.

आता आपल्या संथ पानाकडे या नजरेने बघू. सॉफ्टवेअर अभियंता कोड उघडेल, आणि बहुधा हे सापडेल: आधी एका क्वेरीने (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने) ५०० मागण्या आणल्या जातात, मग प्रत्येक मागणीच्या ग्राहकाचं नाव आणायला पुन्हा एकेक क्वेरी. एकूण ५०१ फेऱ्या. प्रत्येक फेरीला ६ मिलिसेकंद धरले तरी तीन सेकंद झाले. मागण्यांचा आणि ग्राहकांचा असे दोन्ही तक्ते जोडून एकाच क्वेरीत मागितलं की दुखणं संपतं. लिहिणाऱ्याच्या यंत्रावर चाचणीपुरत्या पाचच मागण्या होत्या, म्हणून हे त्याच्या लक्षातच आलं नाही. म्हणून अभियंता तेवढ्यावर थांबणार नाही. पान दहापेक्षा जास्त क्वेरी करू लागलं तर नापास होईल अशी टेस्ट तो लिहून ठेवेल, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी तीच चूक केली तर ती प्रॉडक्शनला, म्हणजे खऱ्या वापरात, जाण्याआधी पकडली जाईल.

या शाखेत लिहिण्यापेक्षा वाचणं जास्त, तेही दुसऱ्याने लिहिलेलं. व्हर्जन कंट्रोल (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद), रिव्ह्यू (एकमेकांचा कोड तपासणं), टेस्ट, टप्प्याटप्प्याने सोडणं, बिघडलं तर मागे घेणं. माणसांशी बोलायचा कंटाळा असलेल्यांना हे जड जातं. ‘मला फक्त कोड करायचाय’ असं म्हणणाऱ्याने याचा आधीच विचार करावा.

बाकीचे तिघे

संगणक अभियांत्रिकी हार्डवेअरला चिकटून असते: सर्किट, प्रोसेसर, यंत्रांमध्ये बसवलेले छोटे संगणक. इथला माणूस विचारेल, मेमरीतून माहिती येते कशी? समजा आकड्यांचा एक मोठा तक्ता मेमरीत ओळीमागून ओळ साठवलाय. बऱ्याच प्रोसेसरांत मेमरीतून एका वेळी ६४ बाइटचा तुकडा येतो, म्हणजे ८ बाइटचे आठ आकडे. ओळीने वाचलं तर आठही कामी येतात. स्तंभाने वाचलं तर बहुतेक वेळा एक वापरला जातो आणि सात वाया जातात. बेरीज तेवढीच, पण वेळ कितीतरी जास्त. हे वाचून मजा वाटली तर ही शाखा नक्की बघा. मात्र यात भौतिकशास्त्र आणि विद्युतशास्त्र टाळता येत नाही.

माहिती तंत्रज्ञानाला उगाच कमी लेखलं जातं. सर्व्हर, नेटवर्क, खाती, परवानग्या, बॅकअप हे सगळं चालू ठेवणं हा वेगळाच स्वभाव मागतो. हा माणूस कोड बघण्याआधी डिस्क बघेल. घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या लॉग फाइल वाढत वाढत डिस्क भरून टाकतात आणि डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही, हा नेहमीचा अपघात. दुसरा म्हणजे मुदत संपलेलं सुरक्षा प्रमाणपत्र. तिसरा सगळ्यांत वाईट: बॅकअप रोज घेतला जात होता, पण तो परत चढवून कुणी कधी पाहिलाच नव्हता. शिस्त आणि शांत डोकं असेल तर या कामात माणूस लवकर उभा राहतो. बिघाड रात्रीही होतात, एवढं धरून चला.

डेटा सायन्सची ओढ सध्या सर्वांत मोठी आहे, आणि गैरसमजही. डेटा सायन्स शिकलेला माणूस विचारेल, ‘तीन सेकंद म्हणजे सरासरी ना?’ कारण शंभरातल्या ९५ जणांना अर्धा सेकंद आणि पाच जणांना ५० सेकंद लागले, तरी सरासरी तीनच्या आसपास येते. त्या पाच जणांचं दुखणं वेगळं असतं. अशी शंका घेणं हा या विषयाचा प्राण, आणि ती संख्याशास्त्रातून येते. हजार व्यवहारांत दहाच फसवे असतील, तर ‘एकही फसवा नाही’ असं डोळे मिटून सांगणारं मॉडेलही (माहितीवरून अंदाज बांधणारा प्रोग्रॅमही) ९९ टक्के अचूक ठरतं. हा आकडा ऐकून ज्याला आनंद होतो त्याने अजून संख्याशास्त्र शिकायचं आहे. रोजच्या कामात मॉडेल बांधण्यापेक्षा माहिती साफ करण्यात जास्त वेळ जातो: एकाच स्तंभात तीन तऱ्हांनी लिहिलेल्या तारखा, रिकाम्या जागी भरलेलं शून्य. पदवीच्या पातळीवर या नावाचा अरुंद अभ्यासक्रम घेण्यापेक्षा संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्राचा पाया घालून मग इकडे वळणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

पदवी, छोटा कोर्स की स्वतःचं स्वतः?

तीन-चार वर्षांची पदवी तुम्हाला आपणहून कधीच न वाचणाऱ्या गोष्टी वाचायला लावते: ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम), नेटवर्कचे थर. त्यांचा उपयोग उशिरा कळतो, पण दहा वर्षांनी भाषा आणि साधनं बदलली तरी तो पाया जागेवर असतो. पदवी फसते ती उतरवलेल्या असाइनमेंटमुळे. रिकर्शन (स्वतःलाच पुन्हा बोलावणारा कोड) आणि पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) या दोन विषयांशी पहिल्या वर्षी स्वतः झटापट केली नाही, तर पुढची सगळी इमारत कच्ची राहते.

काही महिन्यांचा कोर्स एक ठरावीक काम शिकवतो, बहुतेकदा वेबसाइट बांधण्याचं. ज्याच्याकडे दुसऱ्या क्षेत्राचा अनुभव आहे आणि लवकर कामाला लागायचंय, त्याला हा रस्ता बरा. शिकवल्यापेक्षा वेगळा बिघाड आला की मात्र अडतं.

स्वतः शिकणाऱ्याचा मोठा शत्रू म्हणजे एकामागून एक व्हिडिओ बघत जाणं. बघताना सगळं कळतं, कोरी फाइल उघडल्यावर हात थांबतो. एक तास बघितलं तर दोन तास न बघता स्वतः लिहायचं, असं प्रमाण ठेवा.

कोड लिहून देणारी एआय साधनं आल्यामुळे यातलं काय बदललं? पहिला मसुदा स्वस्त झाला. पण ५०१ क्वेरींचा कोडसुद्धा ही साधनं अगदी सफाईने लिहून देऊ शकतात. तो वाचून ‘थांबा, हे लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडच्या) आत का आहे?’ असं विचारू शकणाऱ्या माणसाची गरज त्यामुळे वाढते.

फी भरण्याआधी महिनाभराची परीक्षा

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची तोंडओळख करून घ्या, त्याला आठवडाभर पुरे. मग वर सांगितलेला दुबार नावांचा प्रोग्रॅम प्रत्येक नावाची तुलना करून आणि सेट (पायथनमधला तयार हॅश टेबल) वापरून असा दोन रीतींनी लिहा, आणि १,०००, १०,००० नावांवर वेळ मोजा. यादीत एकही नाव दुबार ठेवू नका, नाहीतर प्रोग्रॅम लवकर थांबेल आणि फरक दिसणार नाही. पहिल्या रीतीचा वेळ सुमारे शंभरपट वाढलेला दिसेल. ‘असं का?’ हा प्रश्न डोक्यातून जात नसेल, तर तो संगणकशास्त्राचा कौल समजा.

तो कोड दोन आठवडे बाजूला ठेवा, मग उघडून त्यात एक नवी सोय घाला: नावांतली लहान-मोठी अक्षरं आणि जादा मोकळ्या जागा सारख्याच धरायच्या. स्वतःचाच कोड परका वाटेल. तो नीट लावण्यात समाधान मिळालं तर सॉफ्टवेअर अभियांत्रिकी. मधल्या दिवसांत व्हर्च्युअल मशीनवर (तुमच्या संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकावर) लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चढवा, वेब सर्व्हर सुरू करा, मुद्दाम एक सेटिंग बिघडवा आणि फक्त लॉग वाचून ते शोधा. शेवटी एखादी अस्ताव्यस्त माहितीची फाइल घेऊन तिच्यातल्या तारखा एका साच्यात आणा. यातल्या ज्या कामात जेवायची वेळ टळली ते लिहून ठेवा.

मग अभ्यासक्रमाची वर्षवार यादी मागवा आणि फक्त सक्तीचे विषय बघा. अल्गोरिदम (प्रश्न सोडवायच्या रीती), डिस्क्रीट गणित (वर सांगितलेलं तर्कशास्त्र, संच, मोजणी वगैरे), ऑपरेटिंग सिस्टिम आणि संगणकाची रचना हे चारही सक्तीचे असतील तर ते संगणकशास्त्र आहे, दारावरची पाटी काहीही असो. चारांपैकी दोन-तीन ऐच्छिक असतील आणि त्यांच्या जागी एकेका साधनाच्या नावाचे विषय असतील, तर त्या महाविद्यालयाला फी भरण्याआधी विचारा की ते ऐच्छिक विषय गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष किती वेळा शिकवले गेले.