चिकटवायचा वॉलपेपर: डिझाइन भारी, कडांचं मात्र बघा

हॉलच्या एकाच भिंतीला लावलाय, मोहरीच्या पिवळ्यावर गडद हिरवी पानं, आणि खरं सांगायचं तर फोटोपेक्षा प्रत्यक्षात जास्त छान दिसतो. पाचपैकी चार स्टार. मागचा कागद सोलायचा नि वरून खाली कापडाने दाबत यायचं, दोघं असाल तर सोपं आहे, एकट्याने केलं तर चिडचिड नक्की.

घेताना हिशोब नीट करा हां. रोल ५३ सेंमी रुंद नि १० मीटर लांब, म्हणजे ५.३ चौरस मीटर, पण डिझाइन ठरावीक अंतराने रिपीट होतं त्यामुळे पानाला पान जुळवताना प्रत्येक पट्टीत थोडा तुकडा वाया जातोच, म्हणून एक रोल जादा मागवा आणि सगळे एकाच बॅचचे आहेत ना ते बघा, नाहीतर शेड बदलते. रात्री वॉर्म बल्बखाली हा पिवळा नारिंगीकडे झुकतो, मला आवडलं, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

भिंत एवढी बोलकी झाल्यावर सोफा, पडदे प्लेनच बरे. सीझनप्रमाणे मी फक्त कुशन कव्हर बदलते, उन्हाळ्यात फिक्कं निळं, थंडीत विटकरी, बास.

एक स्टार कापला तो कडांमुळे, खिडकीजवळ ओल लागते तिथे सुटायला लागल्यात. हेअर ड्रायरने गरम करून दाबलं की बसतात परत. खरबरीत भिंतीवर तर लावूच नका.