मीटरवर ४३ हजार मैल, प्रत्यक्षात लाखाच्या पुढे

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि लांबच्या प्रवासासाठी जुनी इस्टेट गाडी बघत असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहिते आहे. आमची फसवणूक मीटर मागे फिरवून झाली. यात नवीन काय, असं वाटेल. रनिंग कमी दाखवून गाडी गळ्यात मारणं आपल्याकडेही चालतंच. पण इथे प्रत्येक गाडीच्या एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला योग्य आहे का हे बघणाऱ्या सक्तीच्या वार्षिक तपासणीची, सरकारी नोंद असते, त्यात त्या त्या वेळचे मैल लिहिलेले असतात आणि ती नोंद कोणालाही फुकट बघता येते. आम्ही ती बघूनच गाडी घेतली. मीटर नोंदीशी अगदी जुळत होतं. तरीही पन्नास-साठ हजार मैल गायब होते.

आम्ही स्लाउला राहतो आणि माझं काम कार्डिफला. दर आठवड्याला एम ४ मोटरवेवरून जाणं-येणं. त्यात सासूबाई उन्हाळ्यात येऊन राहतात. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं आहे. उंच एसयूव्हीत चढताना त्यांचा जीव जातो आणि आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये प्रत्येक दणका थेट पाठीत बसायचा. म्हणून इस्टेट घ्यायचं ठरलं. सेडानसारखी खाली बसकी, पण छत मागपर्यंत सरळ नेलेलं आणि डिकी भरपूर. भारतात या गाड्या फारशा दिसत नाहीत. इथे मात्र मोटरवेवर पावलोपावली दिसतात.

आरामाच्या बाबतीत जे शिकलो ते आधी सांगते, कारण तो अभ्यास वाया गेलेला नाही. आमच्यासमोर चार नावं होती. मर्सिडीज ई-क्लास इस्टेट, बीएमडब्ल्यू ५ सीरीज टूरिंग, व्होल्वो व्ही ९० आणि ऑडी ए ६ अवान्त. २०१६-१७ नंतरच्या पिढीतली ई-क्लास इस्टेट आणि ५ सीरीज टूरिंग या दोघींना मागच्या बाजूला एअर सस्पेन्शन मुळातच येतं, त्यामुळे डिकी भरली तरी गाडीचा मागचा भाग दबत नाही. डिकी ई-क्लासची सगळ्यात मोठी, ६४० लिटर. बाकी तिघी ५६० ते ५७० च्या आसपास. व्ही ९० च्या सीट पाठीला सर्वांत उत्तम, हा सासूबाईंचा निर्णय आणि मला तो मान्य आहे. आणि एक गोष्ट कोणताही सेल्समन आपणहून सांगत नाही. ‘स्पोर्ट’ नावाची ट्रिम (त्याच गाडीचा सजवलेला प्रकार) आणि २० इंची चाकं दिसायला देखणी असतात, पण टायरची कड पातळ असल्यामुळे रस्त्याचा प्रत्येक जोड अंगाला जाणवतो. १८ इंची चाकांवरची तीच गाडी वेगळीच वाटते. लांबच्या प्रवासाला गाडी हवी असेल तर लहान चाकंच शोधा.

चौघींपैकी कुठली घेतली ते लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता आणि बनवणाऱ्याचाही नव्हता. एवढंच सांगते की डिझेल होती, २०१९ च्या जानेवारीतली, आणि किंमत २४ हजार पौंडांच्या थोडी खाली.

आता मुख्य मुद्दा. नव्या प्रीमियम डिझेल इस्टेट इथे बऱ्याचदा कंपन्यांच्या नावावर जातात. देशभर फिरणारे विक्री अधिकारी, इंजिनिअर या गाड्या तीन-चार वर्षांच्या लीजवर वापरतात आणि वर्षाला तीस हजार मैलसुद्धा सहज तोडतात. ही गाडी बनवलेलीच त्यासाठी असते. लीजच्या करारात मैलांची मर्यादा असते. ती ओलांडली की वरच्या प्रत्येक मैलाचे पैसे भरावे लागतात. म्हणजे मीटर मागे नेण्यात वापरणाऱ्याचाही फायदा आणि पुढे विकणाऱ्याचाही. काम डॅशबोर्डखालच्या पोर्टला यंत्र लावून उरकतं. मीटर पुढे सरकूच न देणारं छोटं उपकरणही मिळतं. इथल्या कायद्यात मीटरचा आकडा बदलणं हाच काही गुन्हा नाही. बदललेला आकडा खरा म्हणून गाडी विकणं हा गुन्हा आहे.

आणि एमओटी? इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये गाडीची पहिली एमओटी तीन वर्षं पुरी झाल्यावर होते. तोपर्यंत सरकारी नोंदीत एकही आकडा नसतो. ज्या तीन वर्षांत ही गाडी सर्वांत जास्त पळते, नेमकी तीच तीन वर्षं कोरी. पहिल्या एमओटीच्या आधी मीटर मागे घेतलं की सरकारी नोंद खोट्या आकड्यापासूनच सुरू होते आणि त्यानंतर दरवर्षी व्यवस्थित वाढत जाते. आमच्या गाडीची नोंद होती २०२२ मध्ये ३१ हजार, २०२३ मध्ये ३८ हजार, आणि आम्ही घेतली तेव्हा मीटरवर ४३ हजार. कुठेही उडी नाही. कोणाला शंका येणार?

विकणारा बर्मिंगहॅमच्या बाहेर एका औद्योगिक वसाहतीत बसायचा. शेडमध्ये ओळीने धुऊन-पुसून ठेवलेल्या गाड्या, पुढे काचेची केबिन, चहा, बिस्किटं. आमची आडनावं ऐकल्यावर हिंदीत बोलायला लागला. सासूबाईंना हाताला धरून मागच्या सीटवर बसवलं, “माताजी, पाठ टेकून बघा” म्हणाला. मग गाडीचा चोरी, कर्ज आणि अपघात तपासणीचा अहवाल पुढे ठेवला. तिन्ही रकान्यांत हिरव्या खुणा. तो अहवाल खराही होता, गाडीवर कर्ज नव्हतं आणि ती चोरीचीही नव्हती. फक्त त्या स्वस्त अहवालात मैलांसाठी एमओटीचेच आकडे घेतलेले होते. त्यानंतर आली सर्व्हिसची वही. चार शिक्के, चार सह्या, दरवेळी आठ-नऊ हजार मैलांचं अंतर.

त्या वहीबद्दल सविस्तर सांगायलाच हवं. या वयाच्या जर्मन गाड्यांची सर्व्हिसची नोंद कागदावर नसते, कंपनीच्या संगणकात असते. गाडीबरोबर शिक्क्यांची वही मिळणं हीच शंकेची जागा आहे, कारण कोऱ्या वह्या ऑनलाइन विकत मिळतात. ही वही आज माझ्यासमोर आहे. चारही वर्षांच्या नोंदी एकाच निळ्या पेनाने, एकाच हाताने, शाईचा रंग तसूभरही फिकट नाही. शिक्का मारणाऱ्या गॅरेजचा फोन नंबर एका आकड्याने कमी आहे. आणि पानं इतकी कडक की वही उघडली तर आपोआप मिटते. चार वर्षं गाडीच्या कप्प्यात पडलेली वही अशी राहत नाही.

पैसे देताना त्याने बँक ट्रान्सफरचा आग्रह धरला. क्रेडिट कार्डाला दोन टक्के जास्त पडतील म्हणाला. १३ जानेवारी २०१८ पासून इथे ग्राहकाकडून कार्डाचा असा वेगळा आकार घ्यायला बंदी आहे. माझ्या नवऱ्याला हे माहीत होतं. त्याने ५०० पौंडांची अनामत क्रेडिट कार्डावरच भरली आणि बाकी रक्कम ट्रान्सफर केली. हे ५०० पौंड पुढे किती महत्त्वाचे ठरले ते सांगतेच.

संशय आला तो समोरच्या काचेमुळे. संध्याकाळी कार्डिफकडे जाताना सूर्य थेट समोर असतो. ऑक्टोबरमध्ये तो खाली उतरला आणि एका वळणावर अख्खी काच पांढरी झाली. बारीक बारीक टोचे, हजारो, वाळू फेकून मारल्यासारखे. पुढच्या गाड्यांच्या चाकांतून उडणारी खडी आणि कचकच मोटरवेच्या वेगाने काचेवर आदळून हे टोचे पडतात, आणि इतके पडायला फार मोठा पल्ला लागतो. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली ते दिसत नाहीत. समोरून प्रकाश आला तरच दिसतात. एकदा काच दिसली आणि मग बाकीचंही दिसायला लागलं. ब्रेकच्या पेडलवरचं रबर कोरं करकरीत, पण शेजारचा पाय टेकायचा भाग घासून गुळगुळीत. बॉनेटची पुढची कड नव्याने रंगवलेली, कारण खडीच्या खुणा तिथेच सर्वांत जास्त असतात. स्टेअरिंगचं कातडं नवीन, आणि ड्रायव्हरचा सीटबेल्ट मात्र कडेला कापसासारखा पिंजलेला. बेल्ट बदलायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मी लॉगबुक (गाडीचं नोंदणीपत्र, आपल्याकडच्या आरसीसारखं) आणि ओळखपत्र घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गेले. सध्याच्या मालकाला ते नोंद सांगतात. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला, स्क्रीन बघितली आणि मला पुन्हा विचारलं, मीटरवर किती आहेत म्हणालात? नोव्हेंबर २०२१ च्या सर्व्हिसला गाडीवर ८८ हजार मैल होते. दोन महिन्यांनी पहिल्या एमओटीला ३१ हजार. म्हणजे आम्ही घेतली तेव्हा ती एक लाखाच्या पुढे गेलेली होती. तिने छापील प्रत दिली. गाडी घेण्याआधी विक्रेत्याला हीच प्रत कंपनीच्या वर्कशॉपमधून आणायला सांगा, आणि त्याने टाळाटाळ केली तर तिथून निघा. दुसरी कोणतीही तपासणी हिच्या जवळपास येत नाही.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं होतं. आम्हीही लिलावातून घेतली, आम्हाला काय माहीत. शिवाय पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘ट्रेड सेल (म्हणजे व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला केलेली विक्री), मैलांची हमी नाही’ असं छापलेलं. या दोन्ही गोष्टींना इथे अर्थ नाही. २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे व्यापाऱ्याने विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणेच असली पाहिजे. त्याला ठाऊक होतं की नव्हतं हा प्रश्नच येत नाही, आणि ग्राहकाचा हा हक्क पावतीवर ओळ छापून काढून घेता येत नाही. पहिल्या ३० दिवसांत गाडी परत करून सगळे पैसे मागता येतात. म्हणूनच तो आम्हाला ‘घेऊन या, बघू, मालक सुट्टीवर आहेत’ करत झुलवत होता. फोनवर बोलत बसू नका. गाडी नाकारतो आहोत हे त्याच दिवशी ईमेलने लिहून टाका, तारखेसकट. मुदत उलटली तरी मार्ग संपत नाही, पण मग वापरलेल्या मैलांचे पैसे कापले जातात. आमचे कापले गेले.

आणि हे सगळं व्यापाऱ्याकडून घेतलं तरच. खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला हे संरक्षण फारच थोडं आहे. त्यामुळे काही व्यापारी ‘बायकोची गाडी आहे’ म्हणून घराबाहेर उभी करून विकतात. लॉगबुकवर दुसऱ्याचंच नाव असेल तर थांबा. लॉगबुक हा मालकीचा पुरावा नाही, हे त्या लॉगबुकवरच छापलेलं असतं.

विक्रेत्याने पैसे दिले नाहीत. दिले ते कार्ड कंपनीने. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५ असं सांगतं की वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३० हजार पौंडांपर्यंत असेल आणि तिचा काही भाग जरी क्रेडिट कार्डावर भरला असेल, तर विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही पूर्ण रकमेला जबाबदार असते. डेबिट कार्डाला हे लागू नाही. आमच्या ५०० पौंडांवर अख्ख्या गाडीचा दावा उभा राहिला. सोपं नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी नकार दिला, मग वर्कशॉपची प्रत, एमओटीचे आकडे आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडून पुन्हा पाठवलं. बँका आणि कार्ड कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या फायनान्शियल ऑम्बड्समनकडे जाऊ असं लिहिल्यावर चक्रं हलली. ऑम्बड्समनकडे तक्रार करायला पैसे पडत नाहीत. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र पहिल्याच दिवशी काढून ठेवा. आम्ही तक्रार केल्यावर ती जाहिरात तासाभरात नाहीशी झाली होती.

सासूबाईंना या सगळ्याचा फार त्रास झाला. आपल्या पाठीसाठी मुलाचे इतके पैसे गेले, असं त्या फोनवर सारखं म्हणत राहिल्या. ज्याने त्यांना माताजी म्हणून सीटवर बसवलं, त्याला मी हे कधीच माफ करणार नाही.

सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक तपासणाऱ्या स्थानिक प्रशासनाच्या खात्याकडे, तक्रार दिली आहे, सगळ्या कागदांसह. गाडी मात्र विक्रेत्याकडे परत गेली. परवा मी तिचा नंबर एमओटीच्या पानावर टाकून बघितला. नवीन तपासणी झाली आहे, मैल ४९ हजार. कोणीतरी ती घेतली आहे. तो नवीन आकडाही मी ट्रेडिंग स्टँडर्ड्सना कळवला आहे.