कॉलेजचं वाय-फाय कुंपणाबाहेर न्यायचंय: एज्युरोम, पीएम-वाणी की स्वतःचं जाळं?

नाशिकला दोन राज्य विद्यापीठांची मुख्यालयं आहेत. गंगापूर धरणाजवळ १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, म्हसरूळला १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ. गंमत अशी की दोन्हींचे बहुतेक विद्यार्थी नाशकात नसतातच. एकाचे अभ्यासकेंद्रांवर, दुसऱ्याचे संलग्न कॉलेजांत, राज्यभर विखुरलेले. त्यामुळे ‘विद्यापीठानं विद्यार्थ्यांना आणि आजूबाजूच्या वस्तीला मोफत वाय-फाय द्यावं’ ही कल्पना इथे राबवायची म्हटली तर ती कॉलेज रोड, गंगापूर रोड, त्र्यंबक रोड, पंचवटीतल्या कॉलेजांच्याच गळ्यात पडते. ठरवणार कोण? प्राचार्य, आयटीतले एक-दोघे आणि खर्चाला मंजुरी देणारे संचालक. हे त्यांच्यासाठीच लिहितोय.

आधी गरजा वेगळ्या करू, कारण बैठकीत त्या हमखास एकत्र कालवल्या जातात. विद्यार्थ्याकडे रोजचा दीड-दोन जीबी डेटा असतो, रील्स बघायला तो पुरतो. अडतं ते लॅपटॉपवर: रेकॉर्ड केलेली लेक्चर्स, अनेक जीबींची सॉफ्टवेअरं, प्रोजेक्टच्या फाइली. कॉट बेसिसच्या कुठल्याही खोलीत रात्री पावणेबाराला डोकावा, उद्याचा डेटा सुरू व्हायची वाट बघत डाउनलोड थांबवून बसलेलं कुणीतरी सापडेल. वस्तीची गोष्ट निराळी. तिथे घरात चालू रिचार्जचा फोन एकच, तो सकाळी वडलांबरोबर कामावर जातो. मुलीला महाडीबीटीचा अर्ज भरायचा असतो, कॅप राउंडची यादी बघायची असते. तिला वेग फार लागत नाही. संध्याकाळी सहा ते दहा, घराजवळ, खात्रीनं मिळणारं नेट लागतं.

सगळ्यात आधी सुचणारा आणि सगळ्यात वाईट उपाय

‘कुंपणाच्या भिंतीवर दोन एपी (अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायचा सिग्नल देणारे डबे) लावू, पासवर्ड वस्तीत देऊन टाकू.’ हे करू नका. २००८ साली नवी मुंबईतल्या एका उघड्या वाय-फायवरून दहशतवाद्यांनी ईमेल पाठवला होता. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागानं सार्वजनिक वाय-फायवर प्रत्येक वापरणाऱ्याची ओळख पटवणं बंधनकारक केलं, ओळखपत्रानं नाहीतर मोबाइलवरच्या ओटीपीनं. त्यात सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, जपायचे असतात. सगळ्यांना एकच पासवर्ड असला की कोणी काय केलं हे सांगता येत नाही, आणि पोलीस विचारायला येतात ते ज्याच्या नावावर लाइन आहे त्याच्याकडे. दुसरी गोष्ट, तुमची लाइन राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कची असेल तर ती शिक्षण आणि संशोधनासाठी दिलेली आहे. तिच्यावर अख्खी गल्ली चढवणं त्यात बसत नाही. वस्तीसाठी लाइन वेगळीच घ्या.

एज्युरोम: विद्यार्थ्यांचं काम चोख, वस्तीचं शून्य

एज्युरोम म्हणजे शिक्षणसंस्थांनी एकमेकांच्या विद्यार्थ्यांना आपलं वाय-फाय वापरू देण्याची व्यवस्था. ती दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात उभी राहिली, आज शंभराहून अधिक देशांत चालते. भारतात ती अर्नेट ही शिक्षण-संशोधनाचं जाळं चालवणारी सरकारी संस्था सांभाळते. विद्यार्थी आपल्या संस्थेचा आयडी आणि पासवर्ड एकदाच फोनमध्ये भरतो. मग तो दुसऱ्या कुठल्याही सहभागी संस्थेत गेला तरी तिथला एपी त्याच्या मूळ संस्थेच्या सर्व्हरला विचारतो, ‘हा तुमचाच का?’ तिकडून होकार आला की नेट सुरू. पासवर्ड यजमान संस्थेला दिसत नाही. प्रत्येकाचा आयडी वेगळा असल्यामुळे वर सांगितलेला ‘कोणी केलं’ हा प्रश्नही सुटतो.

किंमत मोजावी लागते ती माणसाच्या वेळात. आयडी-पासवर्ड तपासणारा रेडियस सर्व्हर चालता ठेवायचा, त्याच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधी ते बदलायचं, पास आउट झालेल्यांचे आयडी काढायचे. हे शेवटचं काम कोणीच करत नाही, आणि तीन वर्षांनी यादीत निम्मे लोक पुण्यात नोकरी करणारे निघतात.

वस्तीतल्या माणसाकडे संस्थेचा आयडीच नसतो, म्हणून त्याला इथे दार बंद. पण एक वापर आपल्याकडे फारसा कोणी मनावर घेत नाही. एज्युरोमचा एपी आवारातच असला पाहिजे असं नाही. युरोपात तो वाचनालयांत आणि रेल्वे स्टेशनांवरही असतो. नाशकात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. कॉलेजनं अशा दोन-तीन अभ्यासिकांत एपी बसवले, तर खोल्या करून राहणाऱ्या मुलांची मोठी सोय होईल.

पीएम-वाणी: कागदावर साधी, वापरात थोडी किचकट

पीएम-वाणी ही छोट्या दुकानांमधूनही सार्वजनिक वाय-फाय देता यावं यासाठीची केंद्राची योजना. केंद्रीय मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२० मध्ये हिला मंजुरी दिली. रचना अशी: जागेवर राउटर लावणारा तो पीडीओ (पब्लिक डेटा ऑफिस), त्याला परवाना लागत नाही आणि नोंदणीची फीही नाही. अनेक पीडीओंचा हिशेब आणि लॉगिन सांभाळणारा अ‍ॅग्रिगेटर, म्हणजे पीडीओए, तो दूरसंचार विभागाकडे नोंदणीकृत. ग्राहकाची ओळख ॲपमधून होते, आणि सगळ्यांची मध्यवर्ती नोंदवही सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेकडे. ओटीपी आणि नोंदींची डोकेदुखी अ‍ॅग्रिगेटरकडे जाते, हा कॉलेजच्या दृष्टीनं सर्वांत मोठा फायदा.

योजना पहिली काही वर्षं रेंगाळली याचं एक कारण लाइनचा खर्च. पीडीओनं महागडी लीज लाइनच (फक्त त्याच्यासाठी राखीव जोडणी) घ्यावी असा कंपन्यांचा आग्रह असे. जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं आदेश काढला: २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओंना द्यावेत, आणि दर घरगुती दराच्या दुपटीहून जास्त नसावा. त्यामुळे आता गणित जमण्यासारखं झालंय.

माझ्या मते खरी ताकद दुसरीकडेच आहे. पीडीओ कॉलेजनंच व्हायला हवं असं नाही. वस्तीतला किराणा दुकानदार, झेरॉक्सवाला, पिठाची गिरणी यांना पीडीओ करा. महिन्याचं बिल कॉलेजनं भरायचं आणि रोज तासभर मोफत, असं कूपन ठेवायचं. राउटर हँग झाला की दुकानदार स्वतः हात वर करून तो बंद-चालू करतो, कारण त्याची गिऱ्हाइकं तिथे उभी असतात. कॉलेजच्या माणसाला हेच काम करायला तक्रार, गेट पास आणि दोन दिवस लागतात.

खोट कुठे? ॲप टाकावं लागतं, आणि ज्याच्याकडे नेटच नाही त्यानं ॲप कशानं उतरवायचं? पहिल्या आठवड्यात कोणीतरी एनएसएसची मुलं दुकानापाशी बसवून लोकांचे फोन जोडून द्यायला लागतात. शिवाय हे सगळं मोबाइल डोळ्यांपुढे ठेवून बेतलेलं आहे, लॅपटॉपवाल्याला अवघडच. म्हणून विद्यार्थ्यांसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

स्वतःचं मेश जाळं: मोह पडतो तो याचाच

मेश म्हणजे खांबाखांबावर एपी लावून, एकातून दुसऱ्याला सिग्नल पुढे देत उभं केलेलं जाळं. इंजिनिअरिंग कॉलेज असेल तर कोणीतरी प्राध्यापक हे मांडणारच, आणि त्यांच्याकडे दाखवायला उदाहरणंही आहेत. अमेरिकेत ह्यूस्टनच्या ईस्ट एंड भागात राइस विद्यापीठानं टेक्नॉलॉजी फॉर ऑल या संस्थेच्या साथीनं २००४ पासून गरीब वस्तीत मोफत मेश उभं केलं. चार हजारांहून अधिक लोकांनी ते वापरलं. आपल्याजवळचं म्हणाल तर त्र्यंबकचा घाट उतरून गेलं की पालघर जिल्हा. तिथे आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानं गावांपर्यंत नेट नेलं, २०१७ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या स्पर्धेत तो पहिला आला. मात्र ग्राममार्गनं गाव जोडायला टीव्हीच्या लहरींचा पट्टा वापरला होता. तो परवानामुक्त नाही, त्यामुळे तसाच्या तसा उचलता येणार नाही. आपल्या हातात आहेत वाय-फायचे नेहमीचे पट्टे: २.४ गिगाहर्ट्झ, २००५ पासून खुला, आणि ५ गिगाहर्ट्झचा बराचसा भाग, जो २०१८ पासून बाहेर वापरण्यासाठीही खुला झाला.

मेशमध्ये एका खांबावरचा एपी दुसऱ्याला डेटा पुढे देतो. एकाच रेडिओवर ऐकणं आणि बोलणं दोन्ही असेल, तर दर उडीला वेग साधारण निम्मा होतो: ८० एमबीपीएस, मग ४०, मग २०. तिसऱ्या खांबाखालचा माणूस ‘सिग्नल फुल्ल आहे पण काही उघडत नाही’ म्हणतो ते यामुळे. त्यात आपली घरं. पत्र्याच्या खोलीत दारात उभं राहिलं तर सिग्नलच्या चार काड्या, चार पावलं आत गेलं की एक. एपीची ताकद वाढवून फरक पडत नाही, कारण फोनचा आवाज बारीक असतो, तो एपीपर्यंत परत पोचत नाही. पावसाळ्यात भिजलेली झाडं सिग्नल खातात, आणि गच्चीवरच्या खांबाला नीट अर्थिंग नसेल तर विजेच्या पहिल्या कडकडाटात स्विचसुद्धा जातो.

हे सगळं सुटू शकतं: दोन रेडिओंचे एपी, कमी उड्या, चांगलं अर्थिंग, बॅटरी. सुटत नाही ते माणसांचं. राइसकडे संशोधक होते आणि वस्तीत आधीपासून काम करणारी संस्था होती. तुमच्याकडे शेवटच्या वर्षाचा एक उत्साही ग्रुप असतो, जो मे महिन्यात व्हायवा देऊन निघून जातो. नेमके तेव्हाच प्रवेशाचे अर्ज सुरू होतात.

मग घ्यायचं काय

साधं आर्ट्स-कॉमर्स-सायन्स कॉलेज असेल, आयटीला एकच माणूस असेल: आत एज्युरोम, बाहेर दुकानांमधून पीएम-वाणी. मेशचा विषय मिनिट्समध्येही घेऊ नका. इंजिनिअरिंग कॉलेज असेल आणि एखादे सर किंवा मॅडम पुढची पाच वर्षं हे अंगावर घेणार असतील, तर एका गल्लीपुरतं मेश करून बघा. प्रयोग म्हणून, लोकांना तसं सांगून. पैसे फारच थोडे असतील तर एज्युरोमही लांबवा आणि आधी एक पीडीओ सुरू करा. सहा महिने चालला तर दुसरा.

लाइन किती घ्यायची याचा हिशेब सोपा आहे. साधा व्हिडिओ बघायला माणशी दीड-दोन एमबीपीएस धरा. १०० एमबीपीएसवर एका वेळी पन्नास जण नीट बसतात. निकालाच्या दिवशी बसणार नाहीत, त्या दिवशी व्हिडिओ बंद ठेवण्याची सोय आहे का ते अ‍ॅग्रिगेटरला आधीच विचारा. त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी लेखी घ्या: मोफत कूपन वापरणाऱ्याला जाहिराती दाखवणार का, आणि तक्रारीचा मराठीत बोलणारा फोन नंबर रात्री दहापर्यंत चालू असेल का.