छतावरचा डबा: मेसामध्ये पॅकेज युनिट बसवून दहा महिने झाले

आमचं घर ॲरिझोनात, फिनिक्सजवळच्या मेसामध्ये आहे. 1983 सालचं, सपाट छताचं, आणि छतावर मधोमध एसीचा भलामोठा डबा. स्प्लिट एसीची सवय असलेल्याला हे प्रकरण आधी विचित्रच वाटतं. काँप्रेसर, दोन्ही कॉइल, पंखा, सगळं एका पत्र्याच्या पेटीत आणि पेटी घराबाहेर, म्हणून याला पॅकेज युनिट म्हणतात. घरात उतरतात ते फक्त दोन डक्ट, एक गार हवा सोडणारा आणि दुसरा घरातली हवा परत ओढणारा. हिवाळ्यात हीच पेटी उलटी चालून, म्हणजे हीट पंप होऊन, घर ऊबदार ठेवते.

जुना डबा 2006 चा, आर-22 गॅसवरचा. त्या गॅसचं नवं उत्पादन अमेरिकेत 2020 पासून बंद आहे, त्यामुळे गळती निघाली तेव्हा दुरुस्तीचा आकडा ऐकूनच आम्ही तो नाद सोडला. तिघांकडून दर मागवले. दोघांनी घराकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "चार टनाचा होता ना? मग पाच टनाचा टाकू, ऊन वाढलंय." तिसऱ्याने खिडक्या मोजल्या, माळ्यावर चढून इन्सुलेशन पाहिलं, हिशोब केला आणि साडेतीन टन पुरेल म्हणाला. मला धाकधूक होतीच, पण मोजमाप करणारा तो एकटाच होता, म्हणून काम त्याला दिलं. क्रेन, परमिट धरून साडेअकरा हजार डॉलर. गॅस नवा, आर-454बी. त्या वर्षी, 2025 मध्ये, या गॅसच्या सिलिंडरांची टंचाई होती, पण पॅकेज युनिट कारखान्यातूनच गॅस भरून येतं, छतावर तांब्याची एकही नळी जोडावी लागत नाही. त्यामुळे आमचं काम अडलं नाही.

बसवायला अर्धा दिवस पुरला. सकाळी सहाला क्रेन आली, जुना डबा गल्लीवरून तरंगत खाली गेला, नवा वर आला. बाराच्या आत गार हवा सुरू. मी स्वयंपाकातला थर्मामीटर घेऊन मोजलं. परत जाणारी हवा 78 फॅरनहाइट, जाळीतून येणारी 59. फरक 19 अंशांचा. साधारण 16 ते 22 असला की ठीक म्हणतात. मी खूश.

दुसऱ्या आठवड्यात सिटीचा इन्स्पेक्टर आला आणि दोन मिनिटांत नापास करून गेला. जुन्या डब्याला 60 अँपिअरचा ब्रेकर होता, तोच तसा ठेवला होता. नव्याच्या पाटीवर स्पष्ट लिहिलंय, जास्तीत जास्त 50. कंत्राटदाराचा माणूस ब्रेकर बदलून गेला, पण तोंड वाकडं करून. "परमिट कशाला घेता" असं आधी हाच म्हणाला होता.

आता उन्हाळा. 7 ऑगस्टला फिनिक्समध्ये 118 फॅरनहाइट झालं, म्हणजे जवळजवळ 48 सेल्सिअस. डबा दुपारी एकपासून रात्री नऊपर्यंत एकदाही थांबला नाही आणि घर 79 वर राहिलं. न थांबता चालणं हा दोष नाही, हे समजायला मला वेळ लागला. पाच टनाचा डबा भराभर गार करून बंद पडला असता, पुन्हा सुरू, पुन्हा बंद, आणि पावसाळी दिवसांत हवेतला ओलावा काढायला त्याला सवडच मिळाली नसती. संध्याकाळी 4 ते 7 वीज महाग असते म्हणून दुपारीच घर 75 पर्यंत गार करून ठेवायचं आणि नंतर 80 पर्यंत चढू द्यायचं, असं आमचं चालायचं. फक्त अशा दिवशी हा बेत साधत नाही. तेव्हा बिलाकडे न बघणं उत्तम.

खरी भानगड आईने पकडली. ती जूनमध्ये सोलापूरहून आली होती. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी सोफ्यावर बसल्याबसल्या म्हणाली, "अगं, खिडकी उघडी राहिलीय का कुठली? पावसाचा वास येतोय." सगळ्या खिडक्या बंद होत्या. पण वास होता खरा. इथल्या वाळवंटातल्या क्रिओसोट झुडपाचा, पाऊस जवळ आला की सुटतो तो. घरभर. मला तेव्हा गंमत वाटली. पुढे 25 ऑगस्टला मोठं धुळीचं वादळ आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेडरूमच्या पांढऱ्या जाळीवर बोटाने रेघ ओढता येईल इतकी तपकिरी धूळ. फिल्टर मात्र बऱ्यापैकी स्वच्छ. फिल्टर आमच्याकडे घरातल्या जाळीमागे असतो, म्हणजे धूळ फिल्टरच्या पुढे, छतावर कुठेतरी आत शिरत होती. थर्मामीटर लावला. फरक 14 वर आला होता.

पहाटे साडेपाचला शिडी लावून वर गेले. परतीचा डक्ट छतात शिरतो तिथल्या कोपऱ्यावर पत्रा पत्र्याला नुसत्या चंदेरी टेपने जोडलेला. चार महिन्यांच्या उन्हाने टेप वाळून पापडासारखी उचकटलेली, आणि फटीत माझी करंगळी आरामात जात होती. पंखा तिथूनच तापलेल्या छतावरची हवा ओढत होता. एवढ्या पैशांचा डबा, आणि त्याच्या तोंडाशी फट! कंत्राटदाराला फोटो पाठवले, तीन फोन केले, तेव्हा दहा दिवसांनी पोरं आली. या वेळी स्क्रू मारून, जाळीची पट्टी लावून वरून मॅस्टिकचा, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाचा, राखाडी लेप जाड थापला. फरक पुन्हा 18. सप्टेंबरच्या पावसात घरात कसलाही वास आला नाही. आईला मात्र तो आवडला होता.

पाणी निथळायची नळी मागच्या अंगणात सोडलीय. कोरड्या जूनमध्ये थेंब नाही, दमट ऑगस्टमध्ये सतत टपटप. आईने तिथे तुळशीची कुंडी सरकवली होती.

हिवाळ्यात आणखी एक चूक सापडली. डिसेंबरचं बिल बघून चक्रावले, कारण इथे थंडी ती कसली, रात्री चार-पाच सेल्सिअस. जाळीतून 112 फॅरनहाइटची हवा येत होती. हीट पंपची हवा 95च्या आसपास, कोमटच असते. थर्मोस्टॅटमध्ये चुकीची जोडणी निवडल्यामुळे प्रत्येक वेळी विजेवर तापणारी 10 किलोवॅटची मदतनीस कॉइलही पेटत होती. ही कॉइल एका युनिट विजेत एका युनिटचीच उष्णता देते, हीट पंप त्याच विजेत सुमारे तिप्पट. सेटिंग मीच बदललं, पाच मिनिटांत.

खुद्द डब्याबद्दल तक्रार एकच. काँप्रेसर सुरू होताना बेडरूमच्या छतातून गुरगुर उतरते, पहिला महिना तर मी रोज रात्री दचकायचे. खाली रबराचे जाड तुकडे घालायचे ठरलंय, त्यासाठी डबा उचलावा लागेल. कंत्राटदाराने मार्चची तारीख दिलीय. या वेळी वर त्याच्याबरोबर मीही चढणार आहे, आणि शेवटचे पैसे खाली उतरल्यावर.