मालवणमधला इंग्लिश ग्रामरचा क्लास: हू, विच, ही, इटचा घोळ सुटला

बँकेच्या परीक्षेसाठी इंग्लिश पक्कं करायचं होतं म्हणून जूनपासून मालवणात बाजाराच्या मागे एक बाई घरीच क्लास घेतात तिथे जातेय, चार महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. बोर्ड नाही, पडवीत बारा-पंधरा मुलं आणि एक फळा.

माझं घोडं एकाच ठिकाणी अडायचं, एरर स्पॉटिंगमध्ये हू, विच कुठे आणि ही, इट, देम कुठे. आधी एक महागडा ऑनलाइन कोर्स केला होता, त्यात माणसाला हू, वस्तूला विच एवढं घोकून घेतलं आणि पुढचा धडा. ते तर मला आठवीपासून येत होतं, मार्क तरी जात होतेच.

बाईंनी फळ्यावर चक्क मालवणीत लिहिलं, जो काल इलो तो माझो भाव. यात सर्वनामं किती? दोन, जो आणि तो. आपल्याकडे जो आला की पाठोपाठ तो येतोच, इंग्लिशमध्ये हू एकटाच दोघांचं काम करतो. म्हणून आपण "द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर" असं लिहून बसतो, त्यातला ही म्हणजे आपला तो! "द बोट विच माय अंकल बॉट इट" मधलं इट पण तसंच, विचमध्ये बोट आलीच ना, मग परत कशाला. इतकी वर्षं ही चूक मी का करत होते ते त्या दिवशी कळलं.

दुसरं म्हणजे देम की विच. "माय अंकल हॅज टू हंड्रेड ट्रीज, मोस्ट ऑफ देम आर हापूस", मला हे बरोबरच वाटायचं. बाई म्हणाल्या क्रियापदं मोज, हॅज आणि आर, दोन झाली, आता त्यांना जोडणारा शब्द दाखव. नाहीच! नुसत्या कॉमावर दोन वाक्यं जोडता येत नाहीत. मग एकतर "अँड मोस्ट ऑफ देम आर" नाहीतर "मोस्ट ऑफ विच आर", कारण विच जोडायचं काम पण करतं आणि देम करत नाही. आणि तो आर काढून टाकला तर "मोस्ट ऑफ देम हापूस" हेसुद्धा चालतं, कारण दुसरं क्रियापदच उरत नाही. हे मला कुठल्याच गाईडमध्ये इतकं सोपं करून मिळालं नव्हतं. माणसं असली की विचच्या जागी हूम, मेनी ऑफ हूम, बाकी हिशोब तोच.

कमी काय ते पण सांगते. कॉमाचा भाग एका तासात उरकला, म्हणजे "माय ब्रदर हू लिव्ह्ज इन मुंबई" मध्ये कॉमा नसेल तर भाऊ एकाहून जास्त आहेत असा अर्थ निघतो, आणि अशा कॉमानंतर विचऐवजी दॅट घालत नाहीत, यावर अजून सराव हवा होता. झेरॉक्स नोट्स फिकट असतात, लाईट गेली की पडवीत वाचताच येत नाहीत.

फी महिना पाचशे, सोमवार ते शुक्रवार साडेपाच ते सात. आचऱ्याकडून एसटीने येणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बाईंना सांगून ठेवा, मला त्या गाडीसाठी दहा मिनिटं आधी सोडतात आणि राहिलेलं दुसऱ्या दिवशी न विसरता घेतात.