१ जूनची जन्मतारीख आणि आभा क्रमांक: वर्षभराच्या वापरानंतर

माझ्या आईची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. तिच्या पिढीतील कितीतरी मुलांच्या दाखल्यावर गुरुजींनी हीच तारीख घातली, कारण शाळा जूनमध्ये भरे आणि खरी तारीख घरी कुणी टिपून ठेवलेली नसे. त्यातच आमचे आडनाव गल्लोगल्ली सापडणारे. काही काळापूर्वी एका खासगी रुग्णालयात तिच्या रक्ततपासणीचा म्हणून जो रिपोर्ट मला मिळाला, त्यावर नाव, आडनाव, जन्मतारीख सगळे जुळत होते. मधले नाव मात्र माझ्या वडिलांचे नव्हते. तो दुसऱ्याच कुणा बाईंचा होता. साखरेचा आकडा पाहून डॉक्टर गोळी वाढवणार, एवढ्यात ते माझ्या ध्यानात आले. त्याच आठवड्यात आईचा आभा क्रमांक, म्हणजे वेगवेगळ्या रुग्णालयांतील तिच्या आरोग्यनोंदी जोडणारा ओळख क्रमांक, काढला.

राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील हा १४ अंकी क्रमांक ऐच्छिक आणि मोफत आहे. मिशन देशभर सुरू झाले ते २७ सप्टेंबर २०२१ रोजी. पाच लाखांच्या विम्याचे आयुष्मान कार्ड वेगळे. आभामुळे उपचाराचा एक रुपयाही मिळत नाही, हे आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना मला अनेकदा समजावून सांगावे लागले. आईचे आधार बंद पडलेल्या सिमला जोडलेले असल्याने ओटीपी येईना, म्हणून आधी आधार केंद्रात जावे लागले. पुढचे काम पाच मिनिटांचे होते.

सर्वांत उपयोगी पडली ती ‘स्कॅन अँड शेअर’ ही सोय. सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीजवळ लावलेला क्यूआर कोड आभा ॲपने स्कॅन केला, की रुग्णाचे नाव, वय, पत्ता थेट संगणकावर जातो आणि मोबाईलवर टोकन क्रमांक येतो. रांगेतला वेळ वाचतोच. पण मला मोलाचे वाटते ते हे, की काचेपलीकडच्या गोंगाटात नाव ओरडून सांगावे लागत नाही आणि इंग्रजी स्पेलिंगमधील एका अक्षराच्या फरकाने त्याच माणसाचा नवा केसपेपर तयार होत नाही.

मात्र जुने घोळ हा क्रमांक आपोआप निस्तरत नाही. त्या खासगी रुग्णालयात आईच्या दोन फायली निघाल्या, एक माहेरच्या नावाने आणि एक सासरच्या. काउंटरवर आभा क्रमांक नोंदवून घेतला गेला, तरी त्या वेगळ्याच राहिल्या. मी लेखी अर्ज दिला, तेव्हा रेकॉर्ड विभागाने त्या एकत्र केल्या. पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद माहेरच्या नावाच्या फायलीत होती, हे इथे मुद्दाम सांगतो.

नोंदी एकाच सरकारी कोठारात जमा होत नाहीत, ज्या रुग्णालयात तयार झाल्या तिथेच राहतात, आणि दुसऱ्या डॉक्टरांना त्या पाहायच्या असतील तर आपली संमती लागते. कोणत्या नोंदी, किती मुदतीसाठी हे आपण ठरवतो, दिलेली संमती मागेही घेता येते. ही रचना मला मनापासून पटली. परंतु रुग्णालयाने नोंद आभाशी जोडलीच नाही, तर ॲप कोरे दिसते. आमच्या कोपऱ्यावरची लॅब अजूनही रिपोर्ट व्हॉट्सॲपवरच पाठवते आणि तो मी स्वतः ॲपमध्ये चढवतो.

खाटेवरच्या रुग्णाची ओळख पटवणे तर अजून नर्सच्या प्रश्नावर आणि मनगटावरच्या पट्ट्यावरच अवलंबून आहे. औषध देण्यापूर्वी किमान दोन ओळखखुणा तपासाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना २००७ पासून सांगत आली आहे. नाव आणि जन्मतारीख या आपल्याकडच्या नेहमीच्या दोन खुणा. पण ज्या वॉर्डात तीन-चार आज्यांची जन्मतारीख १ जून असू शकते, तिथे दुसरी खूण नसल्यातच जमा. म्हणून रक्ताच्या नळीवरील लेबलावर आभा क्रमांकाचे शेवटचे चार अंक छापावेत, अशी लेखी सूचना मी त्या रुग्णालयाला दिली आहे. तोवर नळीवर लेबल चिकटवण्यापूर्वी मधले नाव मोठ्याने वाचून दाखवा, असे मी दर वेळी सांगतो आणि तंत्रज्ञ ते न कुरकुरता वाचतात.