पोथीतला तुटका मजकूर: भरून घ्यावा की जागा सोडावी?

घरातली जुनी पोथी टाइप करायला घेतली की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर हा प्रश्न येतोच. कड वाळवीने खाल्लेली, चरण अर्धाच उरलेला. छापील प्रत शेजारी उघडी असते. तिच्यातून उचलून भरून टाकावं, की टिंबं देऊन पुढे सरकावं? दोन्ही रीती मी वापरल्या आहेत, आणि दोन्हींच्या बाजूने बोलणारी जाणती माणसं पैठणपासून अंबाजोगाईपर्यंत भेटतात.

आधी एक निस्तरून घेऊ. पत्रांक, म्हणजे पोथीच्या पानाचा आकडा, 47 नंतर एकदम 49 आला तर पान गहाळ आहे. कड खाल्ली किंवा माळवद गळून शाई फुटली तर मजकूर त्रुटित आहे. आणि कागद धडधाकट, ओळ सलग, तरी एक ओवी नाही, तर ती लेखनिकाच्या हातून गळाली आहे. बहुधा लागोपाठच्या दोन ओव्या सारख्याच शब्दावर संपल्या आणि नजर खाली घसरली. या गळालेल्या ओवीसाठी टिंबं देऊ नयेत. पोथीत तिथे भोक नाहीच, मग आपण कशाला पाडायचं? तळटीप पुरे. खरा वाद आहे तो त्रुटित मजकुराचा.

भरणाऱ्यांची बाजू लेचीपेची नाही. पोथी शेवटी वाचायची असते. श्रावणात घरातलं कुणी वाचायला बसलं आणि ओळीत सात टिंबं आली, की सूर तुटतो. शिवाय पहिल्या दोन चरणांचा शेवट हाती असला तर यमकावरून तिसऱ्याचा अंदाज बसतो. पंडितांनीही हे केलंच आहे. ग्रीक-लॅटिन शिलालेखांचे अभ्यासक फुटलेला भाग चौकटी कंसात पुरवतात. नेदरलँड्समधल्या लायडनला 1931 साली ठरलेली ती रीत अजून चालते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तीत जो पाठ तितका पक्का वाटला नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ दिली. म्हणजे भरा, पण खूण ठेवा.

माझं घोडं अडलं ते नेमकं या खुणेवर. परभणीकडच्या एका घरची पोथी उतरवताना भरलेली अक्षरं निळ्या रंगात ठेवली होती. त्या घरातल्या कुणीतरी मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला आणि निळं-काळं एक झालं. महिन्याभरात तो मजकूर ‘आमच्या पणजोबांच्या प्रतीतला मूळ पाठ’ म्हणून माझ्याकडेच परत आला. रंगाऐवजी कंस घालून पाहिले, तर पुस्तिका जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याने ‘दिसायला बरं नाही दिसत’ म्हणून तेही काढून टाकले. जुन्या पोथीत चुकीवर पिवळा हरताळ फासत, तो उडाला तर खालचं अक्षर निदान डोकावतं तरी. काढलेल्या कंसाचा मागमूसही राहत नाही. टिंबांचं तसं होत नाही. ती कुणी पुसली तरी वाक्य लंगडतं आणि वाचणारा विचारतो, इथं काय होतं?

आणि यमकाने सुचवलेल्या शब्दाचं मला जरा भयच वाटतं. तो इतका चपखल बसतो की संशय घ्यायला जागाच उरत नाही. छापील प्रतीसारखंच सगळं असतं तर घरची पोथी उतरवायची यातायात तरी कशाला? नाथांनी पैठणला शके 1506 म्हणजे 1584 साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यात कुणी स्वतःची ओवी घालू नये असं शेवटी बजावून ठेवलं. साध्या लेखनिकांचीही ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा’ ही पालुपदासारखी ओळ पोथ्यांच्या शेवटी सापडते: जसं दिसलं तसं लिहिलं, दोष मला देऊ नका.

जागा सोडण्याचा जाच नाही असं मात्र समजू नका. किती टिंबं द्यायची, हा पहिला. मी वरच्या आणि खालच्या ओळीतली अक्षरं मोजून एका अक्षराला एक टिंब देतो, आणि फारच घोळ असेल तर ‘अंदाजे 5 अक्षरे’ असं सरळ लिहितो. दुसरा जाच उरलेल्या वेलांटीचा. अक्षर खाल्लेलं, वरची वेलांटी शाबूत. ती एकटी टाइप केली की संगणक तिच्यापाशी टिंबांचं एक गोल कडं काढतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं फॉन्ट बिघडला. अशा ठिकाणी टिंब देऊन तळटिपेत ‘वेलांटी दिसते’ एवढं नोंदवावं.

तुमची पोथी केवळ नित्यपाठासाठी असेल तर भरलेली प्रत तुम्हाला कदाचित सोयीची पडेल, त्याला माझी ना नाही. पण ती दुसरी करावी. पहिली टिंबांची करून बाजूला ठेवावी. तिच्यावरून भरलेली प्रत केव्हाही काढता येते.

गहाळ पानाच्या बाबतीत तर भरायच्या फंदात पडूच नये. ‘पत्र 48 नाही’ असं लिहून 49 वर जावं. फक्त तसं लिहिण्याआधी शेवटची पानं एकदा चाळावीत. रुमालात बांधताना मधलं पान तळाशी गेलेलं पुष्कळदा सापडतं.